शेऱ्याचा रकाना

माझ्या आलेखातला क गट म्हणजे माझी आई, हे मला गुरुवारी संध्याकाळी कळलं. तोवर तो आलेख मला फार आवडत होता.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि सात महिन्यांपूर्वी एका रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात लागले. विभाग म्हणजे एक खोली, एक संगणक, दिवसभर फुरफुरणारा एक एसी आणि मी. आई त्याच रुग्णालयात तेहतीस वर्षं सिस्टर आहे, बायकांच्या वॉर्डात. मी लागले त्या दिवशीच आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं, की घरात वॉर्ड आणायचा नाही. ती मला तिथलं काही सांगणार नाही आणि मी विचारणार नाही. हा नियम मला शास्त्रीय वाटला होता. मापणाऱ्याने मापायच्या वस्तूला हात लावू नये, तसं काहीतरी.

अधीक्षकांनी दिलेलं काम सरळ होतं. बायकांच्या वॉर्डात रुग्ण पडण्याच्या नोंदी वाढल्या होत्या. वॉर्डात तीस बेड आहेत आणि तीन गट आळीपाळीने ड्यूटी करतात. सकाळ, दुपार, रात्र दर आठवड्याला फिरते, म्हणजे तिन्ही गटांना तेच बेड, त्याच रुग्ण आणि तेच तास वाट्याला येतात. तुलना करायला यापेक्षा स्वच्छ मांडणी मिळत नाही. "तुमच्या आई तिथेच आहेत, तेव्हा नावं नकोत," असं म्हणून अधीक्षकांनी गटांना अ, ब, क अशी अक्षरं देऊन फाइल माझ्याकडे पाठवली. मला ते योग्यच वाटलं.

सहा महिन्यांत अ गटाच्या ड्यूटीत बारा रुग्ण पडल्या होत्या, ब गटाच्या नऊ आणि क गटाच्या एकतीस. हा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता मी काढली, ती हजारात एकाहूनही कमी होती. क चा स्तंभ मी तांबडा केला.

गुरुवारी आईने घरी येऊन पर्स खुंटीला लावली आणि ओट्याशी उभ्याउभ्याच अख्खा पेला पाणी प्यायली. ती कधी उभ्याने पाणी पीत नाही.

"मला कपड्यांच्या भांडारात टाकतायत," ती म्हणाली.

"काय?"

"चादरी मोजायला. दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला, म्हटलं, चादरी तर चादरी. निदान त्या पडत तरी नाहीत."

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे टाकला. सोमवारी चार वाजता बैठक होती. गट क च्या प्रमुख सिस्टरांनी उपस्थित राहून खुलासा करावा, त्यानंतर बदलीबाबत निर्णय होईल. मी ते अक्षर दोनदा वाचलं.

"क गट तुझा?"

"मग कोणाचा?" तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला माहीत नव्हतं?"

"मला फक्त अक्षरं दिली होती."

"म्हणजे ते चित्र तू काढलंस." ती खुर्चीत बसली. "दाखवलं मला साहेबांनी. माझं तांबडं का गं केलंस?"

"सर्वांत उंच होतं म्हणून."

"उठून दिसत होतं हो," आई म्हणाली. मग तिने भाजी चिरायला घेतली. मी तोंड उघडलं तशी सुरीचं टोक माझ्याकडे करून म्हणाली, "घरात वॉर्ड नाही."

त्या दिवशी मी जेवताना तीनदा उठले. काय आणायला उठले ते एकदाही आठवलं नाही.

आकडे खरे असतील तर आईच्या हाताखाली बायका इतरांच्या अडीच-तीन पट पडतात. खोटे असतील तर मी आईला भांडारात पाठवते आहे. आणि मला यातलं दुसरं खरं असावं असं वाटत होतं. शिकताना आम्हाला सगळ्यांत आधी याचीच भीती घातली होती. ज्याला उत्तर आधीच आवडलेलं असतं त्याने मोजायला बसू नये.

शुक्रवारी सकाळी मी मूळ फाइल उघडली. माझ्याकडे होती ती साफसूफ केलेली. मूळ फाइलमध्ये दोन रकाने जास्त होते. फाइल आली त्याच दिवशी मी ते उडवले होते. एक वेळेचा. सिस्टर संगणकावर बसतात त्या ड्यूटी संपताना, त्यामुळे सगळ्या नोंदींवर दोन, आठ, नाहीतर सकाळचे सात अशाच वेळा पडतात. त्या वेळेला काही अर्थ नव्हता. आणि दुसरा रकाना शेऱ्याचा. तो मी का उडवला? कारण त्यात शब्द होते. शब्दांची सरासरी निघत नाही. रकाना निवडायचा आणि कळ दाबायची, दोन सेकंदांचं काम.

आता मी तो वाचायला घेतला. अ आणि ब गटांचे बहुतेक शेरे रिकामे होते. काहींमध्ये होतं, "रुग्णास समज दिली." पडलेल्या बाईला काय समज दिली असेल ते देव जाणे. मग क गट आला.

"१:४०. बेड ७. उजवा हात सलाईनच्या स्टँडवर. स्टँड पुढे गेला. धरली."

"१:५५. बेड १२. बाथरूमला निघाली होती. बेल हाताला लागेना. ओरडायला लाज वाटली म्हणाली. धरली."

"पहाटे ५:१०. बेड ३. चप्पल शोधायला वाकली, तोल गेला. पडली. कपाळाला खोक, दोन टाके."

"२:०५. बेड ७. पुन्हा स्टँड. धरली."

मी खुर्ची मागे सरकवली आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. यातल्या बऱ्याच बायका पडल्याच नव्हत्या. आईच्या गटाने पडता पडता वाचलेल्यांनाही पडलेल्यांत घातलं होतं. असं कुणी कशाला करेल? मी वॉर्डाची संगणक प्रणाली उघडून पाहिली. सहा महिन्यांपूर्वी ती नवी आली, तिच्यात एकच प्रश्न आहे: रुग्ण पडला का? हो किंवा नाही. "नाही" म्हटलं की खिडकी मिटते. "हो" म्हटल्याशिवाय शेऱ्याचा रकाना उघडतच नाही.

मी एकतीस शेरे दोन याद्यांत लावले. नऊ पडल्या, बावीस वाचल्या. नऊ! ब गटाइतकेच. मला इतका आनंद झाला की मी लगेच थांबले. हे मी काढलं होतं, आणि मला तर हेच हवं होतं.

मग मी शेऱ्यांवरचं क काढून टाकलं, एकेक शेरा वेगळ्या चिठ्ठीवर छापला आणि खालच्या मजल्यावरच्या आवक-जावक कारकुनाकडे गेले. त्याला ना गट माहीत, ना माझी आई.

"काका, एवढं करा ना. पडली त्या इकडे, नाही पडली त्या तिकडे."

"काय लग्न लावायचंय का चिठ्ठ्यांचं?" म्हणत त्याने चष्मा चढवला आणि टपालाच्या सफाईने चिठ्ठ्या टाकत गेला. एका चिठ्ठीवर अडला. "गुडघे टेकले, मग धरली. ही कुठे?"

"तुम्हीच ठरवा."

"गुडघा टेकला की बाद. आम्ही लहानपणी असंच खेळायचो." त्याने ती पडलेल्यांत टाकली.

ती मी वाचलेल्यांत घातली होती. विचारसुद्धा न करता. आता दहा पडल्या, एकवीस वाचल्या. एकाचाच फरक, पण चोरी पकडली गेल्यासारखे माझे कान तापले.

संध्याकाळी मी नियम मोडला.

"न पडलेल्या बायका पडल्या म्हणून का लिहितेस?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून खाकी कव्हर घातलेलं एक पातळ पुस्तक काढलं. हे पुस्तक मी लहानपणापासून पाहत आले होते. मला ती औषधांची यादी वाटायची. पहिली पानं गेलेली होती, त्यामुळे लिहिणारीचं नाव कुठेच नव्हतं. "शिकत असताना आमच्या ट्यूटरबाईंनी दिलं. त्यांना त्यांच्या ट्यूटरने. कुठल्यातरी जुन्या मेट्रनने लिहिलंय, शंभर वर्षं तरी झाली असतील," आई म्हणाली आणि तिने पान न शोधता पुस्तक उघडलं. ते आपोआप तिथेच उघडलं.

*रुग्ण पडली की साऱ्या वॉर्डास कळते. पडता पडता वाचली हे केवळ धरणारीस कळते. तिने ते लिहिले नाही, तर उद्या तीच खाट, तीच वेळ, आणि धरणारी नसेल.*

"अगं पण, शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक!"

"यात जळवा लावायचंही लिहिलंय. लावते का मी? तापात खिडक्या बंद करून रुग्णाला घाम आणा, असंही आहे. त्या पानावर मी केव्हाच फुली मारली." तिने मला खरंच फुली दाखवली, शाईची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "औषधाचं सगळं जुनं झालंय. पण बेडवर झोपलेल्या माणसाला काय दिसतं नि काय दिसत नाही, ते कुठे जुनं झालंय?"

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"घरात वॉर्ड नाही," ती शांतपणे म्हणाली. "आणि तिथे शेरा लिहिला होताच की. मला वाटलं, कुणीतरी वाचत असेल."

 एक गोष्ट मात्र टोचायला लागली.

"आई, तुझ्या गटाने एकवीस जणींना धरलं. इतर गटांनी एकही नाही?"

"आमची एकजण कायम खांबापाशी असते. ड्यूटी बदलताना सगळ्याजणी काचेच्या खोलीत जातात ना, माहिती द्यायला-घ्यायला? माझ्या गटातली एक बाहेर थांबते. मधल्या खांबाजवळून सगळे बेड दिसतात. हेही पुस्तकातच आहे."

"इतर गटांचं कुणी थांबत नाही?"

"तसा आदेश नाही."

"मग ज्यांना धरायला कुणी नव्हतं, त्या बायकांचं काय झालं? अ आणि ब चे आकडे तर एवढेसे आहेत."

आईने पुस्तक मिटलं. "ते मला विचारू नकोस. दोन्ही गटांच्या सिस्टर माझ्या हाताखाली शिकल्यात."

उशिरापर्यंत मी शेऱ्यांमधल्या वेळा लावत बसले. वाचलेल्या एकवीसपैकी चौदा बायका दुपारी दीड ते सव्वादोन या पाऊण तासातल्या होत्या. दहा पडलेल्यांवरून हे कधीच दिसलं नसतं; त्यात तशा चारच होत्या. पण ड्यूटी सकाळी सात आणि रात्री आठलाही बदलते; मग दुपारीच का, हे मला शेऱ्यांतूनही कळेना.

"उद्या सकाळची ड्यूटी आहे माझी," आई दिवा मालवताना म्हणाली. "सात नंबर रिकामा होतोय. येऊन झोप."

"म्हणजे?"

"वॉर्डात नव्याने येणाऱ्या प्रत्येक पोरीला मी पंधरा मिनिटं बेडवर झोपवते. पुस्तकात आहे. तू त्या वॉर्डाच्या सहा महिन्यांबद्दल लिहितेयस, एकदा तरी आडवी हो."

शनिवारी साडेबाराला मी सात नंबरवर आडवी झाले. आईने माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर एक रिकामी नळी चिकटपट्टीने लावली आणि तिचं दुसरं टोक स्टँडवरच्या रिकाम्या बाटलीला जोडलं. मला दोन पेले पाणी पाजलं.

"हे कशाला?"

"बाराला लघवीची गोळी मिळते, ज्यांना चालू आहे त्या सगळ्यांना. नव्या वेळापत्रकात दहाची बाराला नेलीय. तुला गोळी देता येत नाही, तर पाणी पी."

शेजारच्या आठ नंबरवर एक म्हातारी होती, पाय सुजलेली, आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होती. वॉर्डात तिला सगळ्या कंडक्टर आजीच म्हणायच्या. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काय झालंय गं तुला?"

"काही नाही, आजी. मी बघायला आलेय."

"आडवं होऊन? बरंय. आम्ही उभ्याने तिकिटं फाडली." मग जरा थांबून म्हणाली, "मुक्काम कुठवर?"

जेवण आलं. जेवणाचं टेबल बेडवर घेता यावं म्हणून एका मावशींनी माझ्या उजव्या बाजूचा कठडा खट्कन खाली पाडला. जेवण झालं, टेबल गेलं, मावशी पुढच्या बेडला गेल्या. पावणेदोन वाजता दुपारच्या सिस्टर आल्या आणि काचेची खोली भरली. मला आतल्या सगळ्यांची डोकी दिसत होती, ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र येत नव्हता.

मला बाथरूमला जायचं होतं. हसण्यासारखी गोष्ट नव्हती, खरंच जायचं होतं. मी बेलसाठी हात लांबवला. बेलचं बटण कठड्यावर बसवलेलं असतं. आणि कठडा खाली होता. बटण गादीच्या खाली कुठेतरी होतं. मी चाचपलं, सापडलं नाही. शंभरदा या वॉर्डातून चालत गेले असेन, उभ्याने ते बटण नेहमी दिसायचं.

"मिळत नाही ना?" आजी म्हणाली. "माझ्या गाडीत दोन घंट्या दिल्या की गाडी सुटायची. इथे घंटीच गाडीखाली."

"सिस्टर" म्हणून हाक मारावी असं मनात आलं. एकोणतीस आजारी बायका, जेवणानंतरची शांतता. मला हाक मारायची लाज वाटली. मी उठून बसले, पाय खाली सोडले. समोर धरण्यासारखी एकच गोष्ट होती: सलाईनचा स्टँड. सरळ, चकचकीत, नेमका हाताच्या उंचीवर. मी त्याच्यावर भार टाकला.

"अगं अगं, त्याला ब्रेक नाहीत!" आजी ओरडली.

स्टँडची चाकं पुढे पळाली आणि मी त्यांच्यामागे. खाली जाताना फरशीचे पांढरे चौकोन मला अगदी स्वच्छ दिसले. मग काखेत कुणीतरी घट्ट पकडलं. खांबापासून पाच पावलं. आईने ती किती वेळात टाकली मला माहीत नाही. तिचा श्वास माझ्या कानाशी धापत होता. मी निरोगी आहे, चोवीस वर्षांची आहे, आणि तरी मला धरावं लागलं होतं.

"गुडघे टेकले नाहीत ना?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "जा आधी, मोकळी होऊन ये."

मी परत आले तेव्हा ती संगणकापुढे बसली होती. पडद्यावर प्रश्न होता: रुग्ण पडला का? आईने "हो" दाबलं.

"काय करतेस?"

"नोंद."

"माझी? आई, मी रुग्ण नाही! सोमवारी बैठक आहे. तू एकतीसचे बत्तीस करतेयस."

"बाजूला हो, उजेड अडतोय."

"एकच तर आहे. एवढी एक सोड. आज नको लिहूस, मंगळवारी लिही. मी हात जोडते."

आईने टायपिंग थांबवलं आणि माझ्याकडे मान वळवली. रागावली नव्हती. एखाद्या नव्या पोरीने चुकीच्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधल्यावर पाहावं तशी पाहत होती. मग पुन्हा दोन बोटांनी टाइप करायला लागली.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले. इतर गटांत संगणकावर नोंद का होत नाही, याचं उत्तर मी काल रात्रीपासून शोधत होते. आत्ता माझ्याच तोंडून ते ऐकलं होतं.

सोमवारी चार वाजता अधीक्षकांच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. अधीक्षक, तिन्ही गटांच्या प्रमुख सिस्टर आणि मी. अ गटाच्या सिस्टर जाडजूड, गप्प. ब गटाच्या चष्मेवाल्या, सतत पेन उघडबंद करणाऱ्या. आई हात मांडीवर ठेवून बसली होती, फोटो काढायला बसल्यासारखी.

मी सगळं सांगितलं. माझ्या हातून शेऱ्याचा रकाना उडाला ते आधी सांगितलं. मग कारकुनाने लावलेल्या दोन याद्या. दहा पडल्या, एकवीस वाचल्या. बाराची गोळी, जेवणासाठी पाडलेला कठडा, गादीखाली गेलेलं बटण, काचेची खोली, चाकांचा स्टँड. "या दहाच्या आकड्यावरून क गट इतरांहून चांगला ठरत नाही," मी म्हणाले, कारण तसं म्हणणं भाग होतं. "वाईट ठरत नाही, एवढंच."

अधीक्षकांनी कपाळ चोळलं. "हे ठीक आहे. पण नियमात पडणं म्हणजे पडणं. जे घडलंच नाही ते कशाला मोजायचं?" त्यांनी फाइल ताजी करून घेतली आणि पडद्याकडे वाकले. "आणि हे बघा, आता बत्तीस झालेत. परवाचीच नोंद आहे." ते मोठ्याने वाचायला लागले. "१:५२. बेड ७. रुग्ण नाही, माझी मुलगी. कठडा खाली, बेल हाताला लागेना. ओरडायला लाज वाटली. स्टँड धरला. धरली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही मुलगी म्हणजे..."

"मी," मी म्हणाले.

अ गटाच्या सिस्टरना हसू फुटलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं.  जे सांगायचं ठरवलं होतं ते संपलं होतं, आणि तरी मी उभीच होते.

"सर, मी तिला म्हणाले होते, हे लिहू नकोस. हात जोडले. बैठक होती म्हणून. मी आकडे तपासायची नोकरी करते आणि मी असं म्हणाले."

 पेनाची टकटक चालू राहिली. मग ती थांबली.

"सर," ब गटाच्या चष्मेवाल्या सिस्टर म्हणाल्या, "आमचे नऊ नाहीत."

"मग किती?"

"मोजले नाहीत. तेच सांगतेय." त्यांनी आईकडे पाहिलं नाही. "रुग्ण जमिनीवर बसलेली आढळली, असं आम्ही कागदाच्या वहीत लिहितो. लागलं नसलं तर संगणकात घालत नाही. घातलं की पत्र येतं."

अ गटाच्या सिस्टर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "आमचेही बारा नसावेत," त्या शेवटी म्हणाल्या.

अधीक्षकांनी पडद्यावरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बदली तूर्त थांबवतो. गोळीच्या वेळेचं मी डॉक्टरांशी बोलतो. ड्यूटी बदलताना प्रत्येक गटाची एकजण बाहेर थांबेल. तीन महिन्यांनी मला पुन्हा आकडे दाखवा."

"वाढतील," आई म्हणाली. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलली.

"काय?"

"आकडे, साहेब. आता सगळ्याजणी लिहायला लागल्या की वाढतील. तेव्हा कोणाला भांडारात टाकणार?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तूर्त म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही.

बाहेर जिन्यात आई म्हणाली, "दहा नि एकवीस काय? गुडघे टेकलेली तू कशात धरलीस?"

"पडलेल्यांत. आधी वाचलेल्यांत घातली होती."

"पडलीच होती ती," आई म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.

यंत्र विभागाने बेलचं बटण हलवायला दोन महिने मागितले आहेत. तोवर प्रत्येक उशीला एक दोरी सेफ्टी पिनेने अडकवली आहे, तिच्या टोकाला एक साधी पितळी घंटी. कंडक्टर आजी घरी जाण्याआधी दिवसातून वीसदा ती वाजवायची. प्रणालीत आता तीन बटणं आहेत: पडली, वाचली, नाही. तिन्हींवर शेऱ्याचा रकाना उघडतो. दुपारचे पावणेदोन झाले की मला अजूनही खुर्चीत बसवत नाही.

पहिल्या महिन्याचे आकडे काल आले, पडल्या आणि वाचल्या मिळून. अ गट चौदा, ब गट एकोणीस, क गट अकरा. फाइल पाठवून पाच मिनिटं झाली नसतील तोच फोन वाजला.

"अहो, हे काय?" अधीक्षकांचा आवाज चढलेला होता. "एका महिन्यात चव्वेचाळीस? वॉर्ड सुधारतोय की बिघडतोय?"

मी पडद्यावरचा शेवटचा रकाना मोठा केला. मला उत्तर माहीत नव्हतं, अजून नाही.

"सर, शेरे वाचून दाखवू?"

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वाचा," ते म्हणाले.